हप्ता थकण्याआधी आणि थकल्यावर: गोव्यातल्या कर्जदाराने कुणाकडे जायचं

कर्जाचा हप्ता चुकला की गोव्यात माणूस आधी मेहुण्याकडे उसने मागायला जातो. मग ओळखीच्या पंचाला किंवा आमदाराच्या माणसाला 'मॅनेजरला एक फोन करा' म्हणून गळ घालतो, आणि तिथंही जमलं नाही की व्याजाने पैसे देणाऱ्याची पायरी चढतो. जिथं फुकट, लेखी आणि कायद्याच्या आधाराने मदत मिळते तिथं तो सगळ्यात शेवटी पोचतो. तोवर जामिनाच्या घरी नोटीस गेलेली असते आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नसतं. हे टाळता येतं. त्यासाठी कुठल्या कर्जाला कुठलं दार, काय लिहून द्यायचं आणि कशावर सही करायची नाही, हे माहीत हवं.

आधी नव्वद दिवसांचा हिशोब समजून घ्या. हप्ता ठरल्या तारखेला गेला नाही की बँकेच्या संगणकात खात्यावर खूण पडते. ही खूण म्हणजे एसएमए, 'लक्ष ठेवायचं खातं'. ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ३१ ते ६० दिवस एसएमए-१, ६१ ते ९० दिवस एसएमए-२. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत (अनुत्पादक) कर्ज होतं. एनपीए होईपर्यंत तुमची गाठ शाखेतल्या माणसांशी असते. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा प्रस्ताव ते वर पाठवू शकतात, आणि खातं चांगलं राहावं ही त्यांचीही गरज असते. एनपीएनंतर फाइल वसुलीकडे सरकते आणि तिथं बहुतेकदा एकरकमी भरण्याचीच भाषा चालते. म्हणून पुढचा हप्ता जाणार नाही असं दिसताच, तो चुकण्याआधी शाखेत जा. दोन हप्ते चुकवून गेलेल्याच्या अर्जापेक्षा एकही न चुकवता आलेल्याचा अर्ज कितीतरी सहज पुढे सरकतो.

एक कागद, सगळी कर्जं

बँकेत जाण्याआधी घरी बसून एक कागद करा. त्यात लपवालपवी नको. बायकोने बचत गटातून घेतलेलं कर्ज, सोनाराकडे ठेवलेली बांगडी, भावाकडून घेतलेले पैसे, सगळं त्यात यायला हवं. समजा, पेडण्यातला एक टॅक्सीवाला आहे. गाडीच्या कर्जाचे ३,००,००० रुपये बाकी, व्याज १२ टक्के, ३० हप्ते राहिलेत, हप्ता ११,६२०. पतसंस्थेचा हप्ता ४,५००. क्रेडिट कार्डाचं किमान देणं ३,०००. घरच्या मायक्रोफायनान्सचे महिन्याला २,१५०. आणि खासगी ५०,००० रुपये, शेकडा ५ रुपये महिना व्याजाने, म्हणजे २,५००. बेरीज २३,७७० रुपये.

आता कमाई. ऑक्टोबर ते मे हंगामात डिझेल वजा जाता ४२,०००, पावसाळ्याच्या चार महिन्यांत २४,०००. घरखर्च १७,०००. हंगामात हातात २५,००० उरतात, हप्ते भागून १,२३० शिल्लक. पावसात ७,००० उरतात आणि दर महिन्याला १६,७७० कमी पडतात. वर्षाचा मेळ घातला तर तूट ५७,२४० रुपये, म्हणजे महिन्याला ४,७७०. हा आकडा या कागदाचा गाभा आहे. त्या माणसाला वाटत असतं की जून-जुलैची अडचण आहे, एकदा हंगाम सुरू झाला की सगळं मार्गी लागेल. कागद सांगतो की लागणार नाही. दर पावसाळ्यात नवं कर्ज निघणार, आणि त्यात चवथीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

पण हाच कागद वाटही दाखवतो. गाडीच्या कर्जाची मुदत ३० वरून ४२ महिने झाली तर हप्ता साधारण ८,७८० वर येतो. एकूण व्याज सुमारे २०,००० रुपयांनी वाढतं, ही त्याची किंमत. पण महिन्याला २,८४० सुटतात. खासगी ५०,००० बँकेच्या सोनेतारण कर्जातून फेडले आणि तिथं व्याज महिन्याला १ टक्का पडलं, तर २,५०० ऐवजी ५०० जातात. दोन्ही मिळून ४,८४० रुपये वाचतात आणि तूट जेमतेम भरून निघते. सोन्यावरचं मुद्दल अजून शिल्लकच आहे, आणि कार्डाचा बंदोबस्त करावा लागेल तो वेगळा. शिवाय हंगामाच्या आठ महिन्यांत दर महिन्याला ६,००० रुपये पिग्मीत किंवा आवर्ती ठेवीत बाजूला पडले तरच पावसाचे चार हप्ते निघतील. पिग्मीसुद्धा कर्ज आहे त्या संस्थेत काढू नका.

याचं कारण असं की तुमचं कर्ज आणि बचत खातं एकाच बँकेत असेल तर थकलेली रक्कम बचत खात्यातून वळती करून घेण्याचा हक्क बँकेला असतो. पगार जमा होतो आणि दुपारपर्यंत खातं रिकामं. घरखर्चाचा पैसा दुसऱ्या बँकेत ठेवा. यात गैर काही नाही.

आधी कुणाचं भागवायचं

जो जास्त फोन करतो त्याला आधी पैसे जातात, आणि नुकसान इथूनच वाढत जातं. सगळ्यात जोरात ओरडणारा बहुतेकदा कार्डवाला किंवा अॅपवाला असतो, आणि त्याच्याकडे तुमची एकही वस्तू गहाण नसते. क्रम ठरवताना पाहायचं ते एवढंच: न भरल्यास काय हातचं जाईल? घर, वीज, मुलांची फी, औषधं आधी. मग घर गहाण असलेलं कर्ज. मग पोटापाण्याचं वाहन. मग जिथं सही केलेला चेक दिलाय ते देणं. सोनं मोडीत निघणार असेल तर त्याची मुदत. विनातारण देणी सगळ्यात शेवटी. त्यांना थोडं-थोडं देत राहा, पण वरच्यांच्या वाट्याचं काढून देऊ नका.

कार्डाबद्दल एक आकडेमोड डोळ्यांसमोर ठेवा. ६०,००० रुपये बाकी, व्याज महिन्याला ३.५ टक्के: २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. तुम्ही किमान देणं म्हणून ३,००० भरले तर मुद्दलातून कमी होतात फक्त ५२२. शिवाय बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुकानात कार्ड घासल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून कार्ड वापरणं थांबवा, बँकेला लेखी कळवून बाकी रकमेचे हप्ते पाडून घ्या. कार्डाच्या हप्त्याचा दर साधारणपणे या ३.५ टक्क्यांपेक्षा पुष्कळ कमी असतो.

विनातारण कर्ज फेडायला घर गहाण टाकून नवं कर्ज घेऊ नका, व्याज कितीही कमी दिसलं तरी. कार्डाचं देणं थकलं तर तगादा येतो आणि फार तर दिवाणी दावा होतो. तेच देणं घरावर चढवलं की घर जाऊ शकतं. सोनेतारणाचंही थोडं तसंच आहे. अडीअडचणीला घरात राहिलेला तो शेवटचा आधार असतो, म्हणून तो शेकडा ५ सारखं व्याज तोडायलाच वापरावा, हप्त्यांचा खड्डा बुजवायला वापरू नये. मुदत भरूनही सोनं सोडवलं नाही तर लिलावाआधी नोटीस यायला हवी, आणि लिलावात देण्यापेक्षा जास्त आलेली रक्कम तुमची असते. ती मागून घ्या.

आजारपणासाठी कर्ज काढण्याची वेळ आली असेल तर आधी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड पाहा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड नूतनीकरणाविना घरात पडून असतं आणि रुग्णालयाचं बिल व्याजाच्या पैशांतून भरलं जातं, हे पाहून जीव तुटतो.

बँकेला द्यायचं पत्र

तोंडी बोलणं टिकत नाही. मॅनेजर बदलतो आणि नवा म्हणतो, मला काही माहीत नाही. एका पानाचं पत्र पुरे. मजकूर साधारण असा:

'माझं वाहनकर्ज खातं क्रमांक अमुक. आजवरचे हप्ते नियमित भरले आहेत. जून ते सप्टेंबर माझं उत्पन्न २४,००० रुपयांवर येतं. सोबत सहा महिन्यांचा खातेउतारा आणि उत्पन्न-खर्चाचा तक्ता जोडला आहे. कर्जाची मुदत १२ महिन्यांनी वाढवून हप्ता सुमारे ८,७८० रुपये करावा. निर्णय होईपर्यंत दर महिन्याच्या १० तारखेला ५,००० रुपये भरत राहीन. उत्तर लेखी द्यावं.'

जी रक्कम लिहाल ती खरोखर भरता येईल एवढीच लिहा. उत्साहात ८,००० लिहून दुसऱ्या महिन्यात चुकलात तर पुढच्या पत्राला किंमत राहत नाही. दोन प्रती काढा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या; देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. अडचणीमुळे कर्जाची पुनर्रचना झाली तर क्रेडिट अहवालात (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींत) तशी नोंद दिसू शकते. नवं कर्ज काही काळ महाग पडेल, पण थकीत नोंदीपेक्षा हे परवडतं.

हप्ता ऑटो डेबिटने जात असेल आणि खात्यात पैसे नसतील तर तुमचं खातं असलेली बँक आणि कर्ज देणारी संस्था, दोघीही बाउन्सचा आकार लावतात. हप्त्याची तारीख तुमच्या कमाईच्या तारखेशी जुळवून मागा. दंडाबद्दल रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे: हप्ता चुकल्यावर दंड आकारता येतो, पण तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. खातेउताऱ्यात 'पीनल इंटरेस्ट' असं काही दिसलं तर लेखी विचारा.

कर्ज कुणाचं, त्यावर दार ठरतं

बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्तसंस्था) असेल तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, पोस्टानेही करता येते, फी नाही. मदतीचा क्रमांक १४४४८. लोकपाल तुमचं कर्ज माफ करत नाही. चुकीचा आकार, न कळवता बदललेला व्याजदर, वसुलीतली दादागिरी, न दिलेली कागदपत्रं, अशा सेवेतल्या दोषांसाठी तो आहे. तक्रारीत नेमकं तेवढंच मांडा. 'माझी परिस्थिती वाईट आहे' एवढ्यावर ती उभी राहत नाही.

पतसंस्थेचं गणित वेगळं. गोव्यात पुष्कळ घरं कुठल्या ना कुठल्या क्रेडिट सोसायटीला बांधलेली असतात, आणि लोकपालाकडे पतसंस्थेची तक्रार चालत नाही. ती राज्याच्या सहकार निबंधकांच्या अखत्यारीत येते. त्यांचं कार्यालय पणजीत पाटोवरच्या सहकार संकुलात आहे. सोसायटी वसुलीसाठी निबंधकांपुढे दावा लावते. त्याची नोटीस आली की लोक घाबरून ती फळीवर ठेवतात, तारखेला कुणी जात नाही, आणि एकतर्फी निवाडा होतो. मग थेट पगारातून कपात किंवा जप्ती. तारखेला जा. हिशोबाचा उतारा मागा, दंड-व्याज कसं लावलं ते विचारा, हप्ते बांधून मागा. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर हप्त्यांची तडजोड लेखी नोंदवून घेता येते.

आणि जामीन. सोसायटीच्या कर्जाला सही करणाऱ्या सहकाऱ्याला वाटतं की आधी कर्जदाराकडून वसूल करतील, मग माझ्याकडे वळतील. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि संस्था थेट त्याच्या पगारावर जाऊ शकते. म्हणून कर्जदाराने जामिनाला सगळ्यात आधी आणि स्वतः जाऊन सांगावं. नोटिशीतून कळलं की वर्षांची मैत्री तुटते. जामिनाला भरावं लागलंच तर पावत्या जपाव्यात. भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे.

इथली आणखी एक गैरसमजूत: बँक बुडाली म्हणजे कर्ज बुडालं. म्हापसा अर्बन या सहकारी बँकेचा परवाना २०२० मध्ये रद्द झाला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. परवाना रद्द झाला तरी कर्जाची वसुली अवसायकाकडे (बँकेचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) चालू राहते आणि व्याज वाढत राहतं. त्या खात्यावर पैसे भरायचे थांबवून बसलेल्यांनी आजच अवसायकाच्या कार्यालयात बाकीचा उतारा मागावा.

मायक्रोफायनान्स बहुतेक बायकांच्या नावावर असतं. सत्तरी, पेडणे, डिचोलीच्या वाड्यांवर आठवड्याची बैठक भरते आणि एकीचा हप्ता राहिला की बाकीच्या तिच्यावर चिडतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबालाच हे कर्ज, तेही विनातारण. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुली ठरलेल्या जागी. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा ती बाई आली नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी यायचं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर संपर्क करायचा नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. चौथी-पाचवी कंपनी कर्ज द्यायला दारात आली तर आपल्या घराचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्यावर गेलेत का, हे आपणच मोजावं.

अॅपवरचं कर्ज. पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी कोण, तिचं नाव अॅपमध्ये आणि करारात दिसलं पाहिजे. रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात यायला हवी. सगळे आकार धरून वार्षिक दर सांगणारं मुख्य माहितीपत्रक कर्ज घेण्याआधी मिळायला हवं. फोनमधले संपर्क, फोटो, कॉलची यादी वाचायची परवानगी अशा अॅपला नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांच्या अॅपची यादी असते. त्यात नसलेल्या अॅपने सात दिवसांत दुप्पट मागितले, बनावट फोटो नातेवाइकांना पाठवले, तर आणखी पैसे पाठवून ते थांबत नाहीत, वाढतात. स्क्रीनशॉट घ्या, क्रमांक जपा, १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवरही कळवा. आणि नातेवाइकांना तुम्हीच एक संदेश टाका की असं काही येईल, ते खोटं आहे. धमकीतला दम त्याच क्षणी निघून जातो.

राहता राहिला व्याजाने पैसे देणारा. परवाना नसताना सावकारी करता येत नाही, तरी गावोगाव ती चालते. त्याने कोरे चेक, सही केलेला स्टॅम्पपेपर किंवा जमिनीचा 'विक्री करार' घेतलेला असतो. उसने म्हणून घेतलेल्या रकमेसाठी विक्रीच्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर कधीही सही करू नका. केली असेल तर कर्ज फिटण्याची वाट पाहू नका, आजच वकिलाला दाखवा. रोखीने देणं बंद करा, बँकेतून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे काय फेडलं याचा पुरावा राहील.

वकिलाची फी परवडत नाही तेव्हा

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आत. उत्तर आणि दक्षिण गोव्याची जिल्हा प्राधिकरणं जिल्हा न्यायालयांच्या आवारात आहेत, तालुक्याच्या न्यायालयातही समिती असते. देशभरचा क्रमांक १५१००. साधा अर्ज, ओळखपत्र आणि आलेली नोटीस घेऊन जा. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथं न्यायालयाची फी नाही. बँका लोकअदालतीत बरीच सूट द्यायला तयार होतात. पण तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून न झेपणारा हप्ता 'हो' म्हणून टाकू नका.

नोटिशींच्या मुदती पाठ असाव्यात. चेक परत गेला तर समोरच्याने ३० दिवसांत नोटीस द्यायची, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे भरले तर चेक न वटल्याबद्दलचा कलम १३८ चा खटला उभा राहत नाही. घर गहाण असेल आणि सरफेसी कायद्याच्या (न्यायालयात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेण्याच्या बँकांच्या कायद्याच्या) कलम १३(२) ची नोटीस आली तर ६० दिवस हातात असतात. त्यात लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. एक लाखापर्यंतच्या देण्याला आणि शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही. नोटीस घ्यायची नाही म्हणून पोस्टमनला परत पाठवण्याने काहीही साधत नाही. मुदत मात्र चालू होते.

गोव्यात नवरा-बायकोचा प्रश्न वेगळा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथल्या कायद्याने दोघांची मालमत्ता सामायिक धरली जाते, निम्मा-निम्मा हक्क. घर विकायला किंवा गहाण ठेवायला दोघांच्या सह्या लागतात. नवऱ्याने परस्पर काढलेलं कर्ज बायकोच्या निम्म्या वाट्यापर्यंत पोचतं की नाही, हे ते कर्ज कशासाठी होतं आणि तिची संमती होती का यावर ठरतं. जप्तीची नोटीस आली तर बायकोने स्वतःच्या नावाने हरकत घ्यायला हवी, आणि तिला वकील मोफत मिळतो, हे वर सांगितलंच आहे.

'तुरुंगात टाकीन' ही धमकी सगळ्यांत जास्त चालते. पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात स्पष्ट केलं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक होतच नाही. ऐपत असून लपवणारा आणि खोटी कागदपत्रं देणारा यांची गोष्ट निराळी. पगारावर जप्ती आली तरी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. म्हणजे २२,००० पगार असेल तर १५,००० घरी येतात, जास्तीत जास्त ७,००० कापता येतात. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही.

बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना छळणं याला मनाई आहे. दारात आलेल्याकडे ओळखपत्र आणि संस्थेचं अधिकारपत्र मागा, त्यांचा फोटो काढा. वाहन रस्त्यात अडवलं तर चावी देण्याआधी हेच करा, ११२ वर फोन लावा, कोऱ्या कागदावर सही करू नका. गाडी गेलीच तर आतल्या सामानाची यादी आणि ताबा-पावती घ्या. विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी देणं करारात असायला हवं. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवता येते.

रात्री झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर कागदपत्रं बाजूला ठेवा आणि आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर बोला; दिवसरात्र चालू असतं, फुकट आहे. बांबोळीच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात जाता येतं. कर्जापायी जीव देण्याइतकं मोठं कुठलंच कर्ज नाही. वर लिहिलेल्या प्रत्येक नोटिशीला उत्तर आहे. मरणाने हिशोब मिटतही नाही, वारसांना मिळालेल्या मालमत्तेपर्यंत तो जातोच.

तडजोड करताना, आणि फिटल्यावर

एकरकमी तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं. त्यात खातं क्रमांक, रक्कम, तारीख आणि 'यापुढे काही येणं नाही' हे वाक्य. पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटाच्या यूपीआयवर कधीही नाही. अहवालात 'सेटल्ड' अशी नोंद पडते आणि ती 'क्लोज्ड' इतकी चांगली नसते. जमत असेल तर पूर्ण फेडून बंद करणं बरं. 'तुमचं कर्ज आम्ही निम्म्यात मिटवून देतो, तोवर हप्ते थांबवा आणि आमची फी आधी भरा' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ते जे पत्र लिहितात ते तुम्ही वरच्या नमुन्यावरून लिहू शकता.

कर्ज फिटलं की नो ड्यूज दाखला, सही केलेले चेक आणि ऑटो डेबिट रद्द झाल्याची पावती घ्या. घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या दिरंगाईने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने द्यायची आहे. दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो. चूक कळवल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. आणि जमीन गहाण होती तर नमुना १ व १४ चा नवा उतारा काढून पाहा. त्यावर बँकेचा बोजा अजून दिसत असेल तर नो ड्यूज दाखला जोडून तो काढून टाकण्याचा अर्ज त्याच आठवड्यात संबंधित महसूल कार्यालयात द्या.